दरीत उतरण्याआधी बाहेरची वाट

सह्याद्रीतले ओढे आणि घळी पायी पाहायच्या असतील, तर नवख्यांना मी दोन जागा आवर्जून सुचवतो. पहिली मुळशी तालुक्यातलं अंधारबन. पिंपरी गावापासून निघणारी ही वाट कुंडलिकेच्या दरीच्या कडेने, दाट झाडीतून, ओढे ओलांडत हिर्डी गावाला जाते आणि पुढे कोकणात भिऱ्याला उतरते. दुसरी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळची सांदण दरी. तिथे पठार मधोमध चिरलं गेलंय. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांचे कातळ, मधून कुठे पाच-सहा माणसं एका ओळीत उभी राहतील एवढी जागा, तर कुठे दोन्ही हातांनी दोन्ही भिंतींना टेकता येईल इतकी चिंचोळी फट. एक जागा ओढ्याकाठचं जंगल शिकवते, दुसरी घळ शिकवते.

खाली दिलेली पद्धत या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, पण ती घाटमाथ्यावरच्या कुठल्याही ओढ्याला लागू पडेल. तिचा कणा एकच: दरीत पाऊल टाकण्याआधी दरीतून बाहेर पडायच्या जागा माहीत हव्यात. डोंगराच्या धारेवर चुकलेला माणूस चारी बाजूंना पाहू शकतो. घळीत त्याला पुढे आणि मागे एवढंच असतं, आणि पाणी आलं तर तेही उरत नाही.

१. हंगाम ठरवा

जून ते सप्टेंबर ओढ्याच्या पात्रात उतरायचं नाही. या चार महिन्यांत दरी काठावरून पाहावी, तीही प्रशासनाने परवानगी दिली असेल तर. पावसाळ्यात पुणे आणि रायगड जिल्ह्यांत धबधबे, धरणं, दऱ्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. ते वाचून मगच बेत करा. अंधारबन ज्यात येतं तो ताम्हिणीचा परिसर अभयारण्य आहे, सांदण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. म्हणजे दोन्हीकडे वन खात्याचे नियम, नोंद आणि प्रवेश शुल्क आलंच.

या भागातला पाऊस म्हणजे काय, हे एका आकड्यावरून कळावं. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खातं २०४.४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं. हा त्याच्या अडीचपटीहून अधिक होता. असा पाऊस चिंचोळ्या दरीत उतरतो तेव्हा घोट्याएवढा ओढा काही मिनिटांत छातीएवढा होतो.

ओढ्याकाठी चालायला नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पाणी वाहतं असतं, पण आवाक्यातलं. सांदणसाठी त्यापुढचे महिने बरे, कारण घळीतले पाणवठे आटत जातात. दिवाळीनंतर लगेच गेलात तर कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत थंडगार पाण्यातून जावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये तेच पाणवठे बहुतेक कोरड्या पायांनी ओलांडता येतात.

दोन महिने फसवे आहेत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि मे महिन्यात वळवाचा, दोन्ही दुपारनंतर कोसळतात. सकाळी निरभ्र आभाळ बघून माणूस निर्धास्त उतरतो, तीन वाजता वरच्या अंगाला ढग फुटतो आणि खाली उभ्या असलेल्यांना तो दिसतही नाही. या दोन महिन्यांत पहाटे निघा आणि दुपारी बाराच्या आत पात्राबाहेर या.

२. नकाशा घरी वाचा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ते कागदावर छापून घ्या. दरीत मोबाइलची बॅटरी संपते, रेंज नसतेच, आणि सांदणसारख्या अरुंद फटीत आभाळाची नुसती पट्टी दिसत असल्याने उपग्रहाचं स्थानही धड मिळत नाही.

नकाशावर ओढ्याची निळी रेघ शोधा आणि तिला छेदणाऱ्या समोच्च रेषा पाहा. या रेषा ओढ्याजवळ इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात आणि त्या ‘व्ही’चं टोक नेहमी ओढ्याच्या वरच्या अंगाला असतं. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा किंवा धबधबा. जिथे विरळ आहेत तिथे चालता येण्याजोगा उतार. आता पेन्सिल घ्या आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना जिथे जिथे रेषा विरळ होतात, तिथे बारीक बाण काढा. या तुमच्या बाहेर पडायच्या जागा. दोन बाणांमध्ये एक किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर तो टप्पा ‘अडकवणारा’ समजा आणि तिथे थांबायचं नाही, जेवायचं नाही, फोटोंसाठी रेंगाळायचं नाही.

नकाशात आणखी एक गोष्ट पाहायची: तुमच्या ओढ्याला पाणी कुठून येतं. वरच्या सगळ्या फाट्या बोटाने माथ्यापर्यंत मागे न्या. जितकं मोठं पठार तुमच्या ओढ्यात रिकामं होतं, तितका लोंढा मोठा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडण्याची गरज नसते. तो त्या पठारावर पडला तरी पुरतो.

मग वेळ काढा. मळलेल्या पाऊलवाटेवर तासाला तीन किलोमीटर धरा. ओढ्याच्या पात्रातून, धोंड्यांवरून चालताना तासाला एकच. अंधारबनची पूर्ण वाट, पिंपरी ते भिरा, सुमारे १३ किलोमीटर आहे आणि शेवटचा उतार गुडघ्यांची परीक्षा पाहतो. तीन किलोमीटरच्या हिशेबाने ती साडेचार तासांत व्हायला हवी, पण गटाने जाताना सात-आठ तास सहज लागतात.

३. सामान

पायात काय आहे यावर निम्मा प्रवास ठरतो. ओल्या बसाल्टवर प्लॅस्टिकसारखा कडक तळ टिकत नाही. मऊ रबराचा, खोल नक्षीचा तळ हवा. महागड्या परदेशी बुटांपेक्षा ‘अ‍ॅक्शन’चे साधे ट्रेकिंग बूट सह्याद्रीत कित्येकांनी वर्षानुवर्षं वापरले आहेत ते याचसाठी. चपला, सँडल, नवे कोरे बूट नकोत. पाण्यातून जाताना बूट काढून अनवाणी जाऊ नका. पाय कापला की पुढचा सगळा दिवस बिघडतो.

बाकी यादी छोटी आहे. माणशी तीन लिटर पाणी, कोरडं खाणं, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी, काठी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, प्रथमोपचार, कपड्यांची एक जोडी जाड प्लॅस्टिक पिशवीत बांधून. घळीसाठी हेल्मेट. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरतात आणि वस्त्या आहेत, म्हणून उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊ नका. जेवायला भाकरी-चटणी, सोबत गूळ-शेंगदाणे आणि लिंबू. खारट आणि गोड दोन्ही हवं.

दोर फक्त तो वापरता येणाऱ्यानेच घ्यावा. दोर हातात आहे म्हणून माणसं अशा ठिकाणी उतरतात, जिथे एरवी ती थांबली असती.

४. सायकल वाटेच्या सुरुवातीपर्यंत

सायकलीने दरीजवळ जाण्यात एक मोठा फायदा आहे. गाडीतून चाळीस मिनिटांत निघून जाणारा घाट सायकलीवर चार तासांचा होतो, आणि प्रत्येक मोरीवर थांबून खालचा ओढा बघता येतो. दरीत शिरण्याआधी तिच्या फाट्यांची ओळख होते.

अंधारबनसाठी मला सर्वांत आवडणारा रस्ता लोणावळ्याकडून येणारा. पेठ-शहापूरला कोराईगड डोक्यावर घेऊन आंबवणे, सालतर, भांबर्डे करत हा रस्ता निव्याकडे येतो. वाटेत तैलबैल्याच्या दोन जुळ्या भिंती आणि घनगड दिसत राहतात. चढ-उतार भरपूर, दुकानं कमी. पुण्याहून पौड-मुळशीमार्गे आलात तर पिंपरी सत्तर किलोमीटरच्या आसपास पडते (ही पिंपरी-चिंचवडची पिंपरी नव्हे, हे गाडी ठरवताना सांगा), पण शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची इतकी गर्दी असते की सायकलस्वाराने मधल्या वारीच यावं.

मुळशीच्या जलाशयाच्या कडेने येताना तो नुसता देखावा म्हणून पाहू नका. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते हे धरण. मुळा नदी मुळात पूर्वेला वाहणारी. तिचं पाणी इथे अडवून बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला सोडलं जातं आणि भिऱ्याच्या वीजघरात १९२७ पासून त्यावर वीज होते. तेच पाणी पुढे कुंडलिकेत जातं. म्हणून भर उन्हाळ्यात बाकीचे ओढे कोरडे असताना भिऱ्याखाली कुंडलिका वाहती दिसते. चालणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे: वीजघराखालच्या पात्रात पाणी आभाळ बघून चढत नाही, सोडलं की चढतं. तिथे मधल्या खडकांवर बसू नका.

सायकल तयार करताना ब्रेक आधी पाहा. घाटउतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करा आणि वळणात ब्रेक सोडा. झाडीतल्या वळणांवर ओला पाला असतो, सकाळी धुकं असतं, आणि रस्त्यावर म्हशी ठाण मांडून असतात. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडीच्या रस्त्यावर पकड वाढते. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप बरोबर हवाच, कारण भांबर्डे ते निवे या पट्ट्यात दुरुस्ती कोण करणार?

रस्त्यावरून ओढा वाहत असेल तर उतरा आणि सायकल हाताने न्या. पाणी चाकाच्या आसापर्यंत येत असेल तर खांद्यावर घ्या. वाहत्या पाण्यात शेवाळलेल्या फरशीवर सायकल आडवी होते आणि स्वाराला कठड्यापर्यंत नेते.

पिंपरीत पोचलात की सायकल तिथेच सोडा. अंधारबनची वाट सायकलीची नाही. झाडांच्या मुळांवर आणि ओल्या मातीत टायरने चर पडतो, पुढच्या पावसात तोच चर पाण्याची वाट होतो आणि पाऊलवाट खचते. गावातल्या एखाद्या घरी विचारा, “मावशी, अंगणात सायकली लावू का? चारपर्यंत येतो.” नकार मिळणं अवघड. येताना त्यांच्याकडेच जेवण सांगून जा, म्हणजे तुम्ही परत यायची वाट बघणारं कुणीतरी गावात असेल. सायकल पिंपरीत ठेवल्यामुळे भिऱ्यापर्यंत उतरता येत नाही, हे खरं. मग हिर्डीपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. जंगल आणि दरीचा सगळ्यात सुंदर भाग त्यात येतोच.

५. गावात काय विचारायचं

“वाट आहे का?” असं विचारलं तर उत्तर “आहे” असंच येतं. गावकऱ्याला ती वाट आहेच. प्रश्न तुमच्या पायांसाठी आहे का, हा आहे. म्हणून गुरांबद्दल विचारा.

“दादा, गुरं ओढ्यापलीकडं जातात का सध्या?”

“नाय गेली दोन दिस. पाणी हाय.”

एवढ्या उत्तरात तुमचा दिवस ठरतो. जिथून गुरं जात नाहीत तिथून शहरातल्या माणसाने जायचं नाही. आणखी दोन प्रश्न: “काल-परवा वरच्या अंगाला पाऊस झाला का?” आणि “ओढा वाढला तर माणसं कुठून वर येतात?” दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात हाताने दाखवलेली सोंड किंवा ढोरवाट नकाशावरच्या तुमच्या बाणाशी जुळते का पाहा. जुळली नाही तर गावकऱ्याचा हात खरा माना.

पहिल्या खेपेला वाटाड्या घ्याच. साम्रदमध्ये गावातले तरुण हे काम नेमाने करतात. पैसे आधी ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या. वाटाड्याने “आज नको” म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नसतो.

६. ओढ्याकाठाने चालताना

सह्याद्री थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. काही घट्ट, काही भुसभुशीत. ओढा भुसभुशीत थर कोरतो आणि घट्ट थराच्या कडेवरून पडतो. म्हणून इथला प्रत्येक ओढा पायऱ्यांनी उतरतो: थोडं सपाट पात्र, मग टप्पा, मग डोह, पुन्हा सपाट. हे ध्यानात आलं की पुढचा नियम आपोआप पटतो. ओढा खालून वर चढत पाहा. वर चढताना अडलात तर जिथे अडलात तिथूनच परत फिरता येतं. खाली उतरताना माणूस पाच फुटांच्या टप्प्यावरून घसरत डोहाशी येतो, पुढे चाळीस फुटांचा टप्पा लागतो आणि मागचा पाच फुटांचा ओला कातळ आता चढवत नाही. जो टप्पा परत चढून येता येणार नाही, तो उतरायचाच नाही. उडी मारूनही नाही, घसरूनही नाही.

पात्राच्या कडेला शेरणीची झुडपं दिसतात. पानं लांबट, फांद्या लवचीक, मुळं खडकांच्या भेगांत घट्ट; पुरात वाकणारं आणि पूर गेल्यावर पुन्हा उभं राहणारं झाड. एका झुडपाशी थांबून नीट पाहा. फांद्यांमध्ये वाळलेलं गवत, काटक्या, पालापाचोळा, कधी प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते, सगळी एकाच दिशेने विंचरल्यासारखी. हा कचरा किती उंचीवर आहे ते हात वर करून मोजा. अनेकदा तो डोक्याच्या वर असतो. या पावसाळ्यात पाणी तिथवर आलं होतं. पाठपिशव्या टेकायला, जेवायला बसायला जागा निवडताना ती या रेषेच्या वरच असली पाहिजे, आणि तिथून वर जायला मोकळी वाट हवी.

बसल्या बसल्या आणखी एक काम करा. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे ओला दगड संपून कोरडा सुरू होतो, तिथे एक छोटा दगड ठेवा. दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहा. दगडाभोवती पाणी आलं तर उठा, डबा बंद न करता उठा. पाणी वाढण्याआधी इतरही खुणा मिळतात. नितळ पाणी चहासारखं गढूळ होतं. वरून सुका पाला आणि काटक्या वाहत येऊ लागतात. ओढ्याचा खळखळाट जाऊन खालच्या पट्टीतला घरघराट ऐकू येतो, तो पात्रातले धोंडे सरकत असल्याचा असतो. यांतली एक जरी खूण दिसली की जवळच्या बाणाकडे सरळ वर चढा. पात्रातून पळत खाली जाऊ नका, पाणी माणसापेक्षा वेगाने येतं.

पाऊल कुठे टाकायचं? काळा तुकतुकीत ओला कातळ टाळा, त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. करडा, खडबडीत, कोरडा भाग शोधा. धोंड्यावर उडी मारू नका, आधी पायाने दाबून तो डुलतो का पाहा. झाडीत हात कुठे घालतो त्याकडे लक्ष ठेवा. फुरसं पाल्यात आणि दगडाखाली असतं, चापडा फांदीवर पानांच्या रंगात मिसळून बसलेला असतो. खाजकुइलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळून वाटेवर लोंबतात. त्यांची लव अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टीने लव उपटून काढा आणि मग धुवा.

चालताना बोलणं कमी ठेवलं की जंगल दिसू लागतं. अंधारबनात जांभूळ, अंजन, हिरडा यांची छत्री इतकी दाट आहे की भर दुपारी जमिनीवर उन्हाचे फक्त कवडसे पडतात. शेकरू वरच्या फांद्यांवरून उडी घेतं तेव्हा आधी पानांचा आवाज येतो, मग लांब झुपकेदार शेपटी दिसते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी पाहायचा असेल तर मोबाइलवरची गाणी बंद हवीत.

७. ओढा ओलांडणं

पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचं असेल तर ओलांडू नका. थांबा किंवा परत फिरा. पाऊस थांबला की छोटे ओढे दोन-तीन तासांत उतरतात.

ओलांडायचंच असेल तर रुंद जागा निवडा, कारण रुंद पात्रात पाणी उथळ असतं. अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरकस असतं. ओलांडायच्या जागेच्या खाली धबधबा नाही ना, आधी चालत जाऊन पाहा. खाली टप्पा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातूनही जायचं नाही. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे टेकवलेली, पाय तळाला घासत आडवे सरका. एका वेळी काठी किंवा एक पाय, एवढंच हलवा. तिघं असतील तर एकमेकांचे खांदे धरून एका ओळीत, सर्वांत वजनदार माणूस वरच्या अंगाला. दोर अंगाला बांधून ओलांडू नका. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून ठेवतो.

डोहात उड्या मारायच्या नाहीत. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचा डोह दिसायला जितका निळाशार, तितकाच घातक ठरला आहे. पोहता येणारी तरुण मुलंही तिथे बुडाली आहेत. धबधब्याखालचं पाणी गार असतं, तळाशी धोंडे असतात आणि पडणाऱ्या धारेखाली पाणी माणसाला परत परत आत ओढतं.

८. घळीत

सांदणला जायचं तर साम्रदहून सकाळी सातच्या आत निघा. ही दरी घाटमाथ्यावरून कोकणाकडे उतरत जाते, म्हणजे ओढा खालून वर पाहण्याचा आपला नियम इथे उलटतो. म्हणून थांबायची जागा आधीच ठरवायची: पहिल्या मोठ्या कातळटप्प्याच्या अलीकडे. त्यापुढे दोराशिवाय उतरता येत नाही आणि एकदा उतरलं की त्याच वाटेने वर येणं बहुतेकांच्या आवाक्यात नाही. खालून करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढावं लागतं. तो दिवसभराचा, प्रशिक्षित गटाचा कार्यक्रम आहे.

घळीत भिंतीच्या अगदी पायथ्याशी बसू नका. वरून माकडं आणि कधी माणसंच दगड पाडतात. हेल्मेट पहिल्या पावलापासून डोक्यावर हवं. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सिगारेट, आरडाओरडा, ड्रोन, यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरेसं आहे. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान झाकून, हात न हलवता, आलेल्या वाटेने बाहेर पडा. पाण्यात बुडी मारून उपयोग नसतो, त्या वर घोंघावत राहतात.

पाणवठ्यातून जाताना पिशव्या डोक्यावर धरा आणि उंच माणसाला पुढे ठेवा. घळीत ऊन थोडाच वेळ येतं. भिजलेला माणूस सावलीत लवकर गारठतो, म्हणून पाणी ओलांडलं की थांबायचं नाही, चालत राहायचं. कोरडे कपडे बाहेर आल्यावर. परत फिरण्याची वेळ अकरा ठरवली असेल तर अकरालाच फिरा, टप्पा दोनशे पावलांवर असला तरी.

९. वाट चुकली किंवा कुणाला लागलं

“पाण्याबरोबर खाली जा, गाव लागेल” हा सल्ला लहानपणापासून ऐकलेला असतो. घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला तो जीवघेणा आहे. इथला ओढा पाण्याबरोबर तुम्हाला कड्यावर नेतो आणि तिथून कोकणात पडतो. वाट हरवली की थांबा, पाणी प्या, शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथवर मागे जा. ती सापडली नाही तर ओढा सोडून सोंडेवर चढा. वर गेलं की गाव दिसतं, वाट दिसते, मोबाइलला रेंज मिळण्याची शक्यता असते. अंधार पडला तर चालू नका. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, हा मदतीचा संकेत जगभर ओळखला जातो.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, वर आवळपट्टी बांधू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर करा, माणसाला चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्या. मोडलेल्या पायाच्या माणसाजवळ एकाने थांबायचं आणि दोघांनी मदतीला जायचं, म्हणून चारपेक्षा लहान गटाने दरीत उतरू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सगळ्या आपत्कालीन मदतीसाठी ११२. डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची संस्था आहे. तिचा मदत क्रमांक घरून निघण्याआधी गटातल्या प्रत्येकाने वहीत लिहून घ्यावा.

१०. परत आल्यावर

आपला कचरा आपल्याबरोबर परत येतो, संत्र्याची सालंसुद्धा. बूट, मोजे, पिंढऱ्या नीट तपासा, गोचीड चिकटलेली असू शकते. पाण्यातून चालताना कापलं-खरचटलं असेल तर साबणाने धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना ओढ्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना तेवढ्या माहितीवरून येते.

आणि गावात सांगून जा. जिथे नोंद केली असेल त्या चौकीत, जिथे सायकली लावल्या त्या घरी, वाटाड्याला, “आम्ही सगळे वर आलो” एवढं वाक्य बोला. पर्यटक दुसऱ्या वाटेने निघून जातात आणि इकडे पिंपरीची, हिर्डीची, साम्रदची माणसं दिवसभर शेतात राबून रात्री बॅटऱ्या घेऊन दरीत उतरतात. कुणी हरवलं तर बचाव पथक शहरातून पोचेपर्यंत शोध त्यांनीच सुरू केलेला असतो. गावातून बाहेर पडण्याआधी त्यांना सांगायला विसरू नका.